मुलाची फाईल कुणाची? बालन्यायालयाच्या गोपनीय कागदांची गोष्ट

आज एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू.

समजा, तुमच्या पणजोबांना लहानपणी चोरीच्या गुन्ह्यात पकडून येरवड्याच्या रिफॉर्मेटरीत ठेवलं होतं, साधारण १९०५ च्या सुमारास. आणि समजा, तुमचा धाकटा भाऊ २०१६ साली सोळा वर्षांचा असताना एका मारामारीच्या प्रकरणात नगरच्या बाल न्याय मंडळापुढे उभा राहिला होता. या दोघांपैकी कुणाचे कागद तुम्हाला आज वाचायला मिळतील?

बहुतेक जण म्हणतील, भावाचे. सख्खा भाऊ आहे, प्रकरण अलीकडचं आहे, आपणच तर तेव्हा तारखांना जात होतो. उत्तर मात्र उलटं आहे. पणजोबांचे कागद वाळवीतून वाचले असतील तर ते तुम्हीच काय, तुमच्याशी काडीचं नातं नसलेली मीसुद्धा पुराभिलेखागारात बसून वाचू शकते. भावाची फाईल मात्र प्रकरण चालू असतानाही तुम्हाला पूर्ण दिसली नसती, आणि आता ती बहुधा नष्ट झालेली आहे. तशी ती नष्ट व्हावी असं कायदाच सांगतो.

हे असं का झालं? कुटुंबाला दाराबाहेर ठेवण्याची ही रीत कुठून आली? आणि ती बरोबर आहे का?

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगते. मी एम.एस्सी. केली जीवशास्त्रात, पीएच.डी. मात्र इतिहासाच्या अंगाने चालू आहे. दात, हाडं, उंची यांवरून माणसाचं वय ओळखण्याचं शास्त्र आपल्याकडच्या न्यायालयात कसं शिरलं, हा माझा विषय. वयाचा प्रश्न सगळ्यात जास्त अडतो तो मुलांच्या प्रकरणांत, त्यामुळे बालगुन्हेगारीचे कायदे आणि त्यांचे कागद मला वारंवार चाळावे लागतात. पुणतांब्याला घरी आले की लोक विचारतात, "एवढं काय असतं त्या जुन्या कागदांत?" हा लेख म्हणजे त्याचं थोडं लांबलेलं उत्तर.

जेव्हा काहीच गुपित नव्हतं

१८५० मध्ये कंपनी सरकारने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना कुणा कारागिराकडे बांधून द्यायचं, असा त्याचा गाभा. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अशा मुलांसाठी संस्था उभी राहिली. आज माहीमला डेव्हिड ससून औद्योगिक शाळा आहे, ती हीच परंपरा. पुढे १८७६ मध्ये आणि मग सुधारून १८९७ मध्ये रिफॉर्मेटरी शाळांचा कायदा आला. १८९७ च्या कायद्याप्रमाणे पंधरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगाऐवजी रिफॉर्मेटरीत पाठवता येई, किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांसाठी. कायदा फक्त मुलग्यांसाठी होता.

मुदत जरा नीट बघा. एखाद्याने भांडं चोरलं तर मोठ्या माणसाला काही आठवडे किंवा महिने कैद झाली असती. मुलाला मात्र कमीत कमी तीन वर्षं. कारण हेतू शिक्षेचा नव्हता, मुलाला 'घडवण्याचा' होता. आणि घडवायचं म्हणजे आधी कशापासून तरी तोडायचं. कशापासून? तर बहुतेक वेळा घरापासून. त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या नजरेत गरीब घर हेच बिघाडाचं मूळ होतं. चौदा वर्षांच्या पुढच्या मुलाला परवान्यावर बाहेर सोडता येई, तेसुद्धा भरवशाच्या वाटणाऱ्या मालकाकडे. इतिहासकार सतद्रू सेन यांनी वसाहतकाळातल्या बालपणावर लिहिलेल्या पुस्तकात हा आईबापांवरचा अविश्वास तपशिलाने दाखवला आहे.

म्हणजे मुलाच्या कागदांना अजून कुलूप नव्हतं, पण कुटुंब तेव्हाच परकं झालं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९२४ मधले दोन कायदे

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालयं हवीत अशी शिफारस केली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि बालन्यायालय सुरू झालं. डोंगरीला उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात मुलांना ठेवण्याची सोय झाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर ज्या डोंगरीच्या तुरुंगात होते, तीच ही जागा. आगरकरांनी आपल्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिलं म्हणून ते दिवस आपल्याला माहीत आहेत. त्यानंतर त्याच भिंतींआड राहिलेल्या मुलांचे दिवस मात्र फक्त सरकारी फायलींत नोंदले गेले.

या नव्या न्यायालयाबरोबर एक नवा माणूस आला आणि एक नवा कागद आला. माणूस म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, आजच्या सरकारी मराठीत परिविक्षा अधिकारी. कागद म्हणजे त्याचा अहवाल. मुलाने काय केलं एवढंच बघून भागणार नाही, तो कुठल्या घरातून आला तेही बघायला हवं, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. पण परिणाम काय झाला? बाप दारू पितो का, आई कुठे कामाला जाते, घरात किती माणसं, कुणावर पूर्वी गुन्हा आहे का, शेजारी काय म्हणतात, हे सगळं कागदावर यायला लागलं. फाईल मुलाच्या नावाची, आत बरंचसं चित्र कुटुंबाचं.

त्याच १९२४ मध्ये दुसराही एक कायदा झाला. गुन्हेगार जमाती कायद्याची नवी आवृत्ती. आपल्या नगर जिल्ह्यात पारधी, कैकाडी अशा समाजांच्या घरांत हा कायदा अजून आठवणीत आहे. इथे मुलाने काही करावंही लागत नसे. जमात राजपत्रात जाहीर झाली की माणसांची नावं नोंदवहीत चढत. १८९७ च्या दुरुस्तीपासूनच मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारणा-वसाहतीत किंवा शाळेत ठेवण्याची मुभा सरकारला होती, आणि ती १९११ व १९२४ च्या कायद्यांतही राहिली. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभरात तो १९५२ मध्ये गेला. ३१ ऑगस्ट विमुक्त दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच.

एकाच वर्षी एका कायद्याने काही मुलांना वेगळ्या, सौम्य न्यायालयाची वाट करून दिली, आणि दुसऱ्याने काही मुलांच्या जन्मावरच शिक्का मारला. दोन्हीकडे कुटुंब संशयित होतं.

कुलूप कसं लागलं

मुलाचं नाव लपवायचं, ही कल्पना हळूहळू रुजली. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने बालन्यायालयं वेगळी केली आणि १९३३ च्या कायद्याने वर्तमानपत्रांना मुलांची ओळख छापायला बंदी केली. आपल्याकडे केंद्राच्या १९६० च्या बालक कायद्यात नाव छापण्यावर बंदी आणि अहवालांची गोपनीयता या दोन्ही गोष्टी दिसतात. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे 'बीजिंग नियम' आले. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की बालगुन्हेगाराच्या नोंदी कडक गोपनीय ठेवाव्यात, तिऱ्हाइताला दाखवू नयेत आणि मोठेपणीच्या खटल्यात वापरू नयेत. त्यानंतरचे आपले १९८६, २००० आणि २०१५ चे बाल न्याय कायदे याच वाटेने गेले.

कुलूप कशासाठी, हे समजायला फार लांब जायला नको. पुणतांब्यासारख्या गावाचा विचार करा. गोदावरीकाठचं गाव, मनमाड-दौंड मार्गावरचं स्टेशन, २०१७ च्या शेतकरी संपाने देशभर नाव झालेलं. पण आतून गाव ते गावच. अमक्याच्या पोराला पोलिसांनी नेलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर असते आणि पुढे वीस वर्षं टिकते. सोयरीक जुळवताना निघते, नोकरीच्या वेळी निघते. गावाचं तोंड कोण धरणार? कायद्याला ते धरता येत नाही, म्हणून त्याने निदान कागद धरला. पोलिसांनी चारित्र्य पडताळणीसाठी निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद द्यायची नाही. माध्यमांनी नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही; छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं २०१५ च्या कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे. २०२० मध्ये एका प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आलेलं मुलाचं नाव काढून टाकायला लावलं.

याच कायद्यात 'नव्याने सुरुवात' असं एक तत्त्व आहे. अपवाद वगळता मुलाची जुनी नोंद पुसली जावी, असं ते म्हणतं. आपल्या गावात चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानदेवांना त्यांनी पाठवलेल्या कोऱ्या पत्राची कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. मुलाच्या हातात पुन्हा कोरा कागद द्यायचा, असंच काहीसं कायदा म्हणतो. नियमांनुसार अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं नोंद जपायची आणि मग नष्ट करायची. सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलावर अति गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालून तो दोषी ठरला असेल, तर मात्र नोंद राहते.

मग घरच्यांचं काय?

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिऱ्हाइतांसाठी ठीक आहे. आईबाप काय तिऱ्हाईत आहेत?

कायदा इथे दोन सुरांत बोलतो. एकीकडे मुलाला ताब्यात घेतल्यावर शक्य तितक्या लवकर पालकांना कळवायचं, त्यांना मंडळापुढे बोलवायचं, प्रत्येक टप्प्यावर मूल आणि पालक दोघांनाही समजून उमजून सहभागी करून घ्यायचं, असं सांगितलेलं आहे. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, हेही तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. दुसरीकडे कलम ९९ पाहा. परिविक्षा अधिकाऱ्याचा किंवा समाजसेवकाचा अहवाल गोपनीय मानायचा. मंडळाला योग्य वाटलं तर त्याचा 'सारांश' मुलाला किंवा पालकांना सांगायचा आणि त्यावर पुरावा द्यायची संधी द्यायची. मंडळाचा आदेश आणि हा अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. आदेश काय झाला ते कळतं. तो ज्या अहवालाच्या आधाराने झाला, तो वाचायला मिळणं मंडळाच्या मर्जीवर आहे.

त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात म्हटलं आहे की पीडिताला त्याच्या प्रकरणाची कागदपत्रं आणि आदेश नाकारता येणार नाहीत. हे योग्यच आहे. पण वाक्यरचनेतला फरक बघा. पीडिताला हक्क आहे. पालकांच्या बाबतीत 'योग्य वाटल्यास' आहे.

आता माझ्या विषयाकडे येते. मुलाचं वय ठरवताना कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी. १८९७ मध्येही मॅजिस्ट्रेटला वयाची चौकशी करावी लागे, पण गावोगाव जन्मदाखले कुठे होते? तेव्हा दाढा, हाडं आणि अंदाज यांवरच पुष्कळ काही चाले. आज हाडांऐवजी कागद बोलतो, आणि तो कागद आणून देणारं असतं कुटुंब. आई पत्र्याच्या पेटीतून दाखला काढते, बाप ग्रामपंचायतीत खेटे घालतो. घरची माहिती परिविक्षा अधिकाऱ्याला सांगणारेही तेच. सगळं घरातून आत जातं. बाहेर येताना मात्र सारांश, तोही मिळाला तर.

माहितीच्या अधिकाराने काही होईल का? त्या कायद्यात एक मजेशीर गाठ आहे. वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती देताना बरेचसे अपवाद, त्यात वैयक्तिक माहितीचा अपवादही आला, गळून पडतात. पण बालन्यायालयाची बहुतेक नोंद सात वर्षांत नष्ट होते. विसाव्या वर्षी हक्क मिळेल, पण बघायला कागद नसेल.

मग सगळं उघडून टाकायचं का?

माझं उत्तर 'नाही' असं आहे. कारण प्रत्येक मुलाला घर हेच आसऱ्याचं ठिकाण असतं असं नाही. बालविवाह टाळायला घरातून निघून आलेली मुलगी बाल कल्याण समितीपुढे काय बोलली, हे तिच्या बापाला शब्दन् शब्द कळलं तर काय होईल? घरातल्याच माणसाने मारहाण केल्याचं मुलाने अधिकाऱ्याला विश्वासाने सांगितलं, आणि तो कागद त्याच माणसाच्या हाती गेला तर? गोपनीयता इथे मुलाच्या जिवाचं रक्षण करते.

पण तीच गोपनीयता संस्थेचंही रक्षण करते, हे विसरून चालणार नाही. १९८० च्या दशकात पत्रकार शीला बर्से यांनी तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा अशी मुलं किती आणि कुठे आहेत ही माहिती न्यायालयाला देशभरातून मागवावी लागली. बंद दारामागे मुलाला मार बसला, वय चुकीचं धरलं गेलं, अहवालात ऐकीव गोष्ट खरी म्हणून लिहिली गेली, तर ते बघणार कोण? ज्याला सगळ्यात जास्त काळजी आहे, त्यालाच आत बघायला मनाई असेल तर चूक कागदाबरोबरच नष्ट होते.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. तिथे आदिवासी समाजांची मुलं सरकारने कित्येक पिढ्या आईबापांपासून तोडली. १९९७ मध्ये यावर राष्ट्रीय चौकशीचा अहवाल आला, त्यात एक शिफारस अशी होती की कुटुंबापासून काढून नेलेल्या कुठल्याही मुलाची नोंद नष्ट करू नये. कारण त्या माणसांना आपली आई कोण, गाव कुठलं, हे सांगणारा तेवढाच एक धागा उरला होता. आपल्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतींशी हे किती जुळतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न न्यायालयात पोचला आहे. जर्मनीत वाढलेले अरुण डोहले यांना आपल्या जन्माचे कागद मिळवण्यासाठी भारतातल्या न्यायालयांत वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आता दत्तक नियमांत 'मूळ शोध' ही तरतूद आहे. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, आणि त्याच वेळी जन्मदात्या आईबापांच्या खासगीपणाचाही विचार होतो. म्हणजे दोन्ही बाजू सांभाळणारी वाट शोधली तर सापडते.

माझ्या मते फाईलची किल्ली मुलाकडे असावी. तो अठराचा झाला की नोंद नष्ट होण्याआधी त्याला कळवावं आणि विचारावं: तुला प्रत हवी का? ती घरच्यांना दाखवायची की जाळून टाकायची, हे त्याचं त्याने ठरवावं. तो लहान असताना पालकांना सारांश देणं हा नियम असावा आणि नाकारणं हा अपवाद. नाकारलं तर कारण लेखी असावं. मुलाच्या सुरक्षिततेचा धोका हे कारण पुरेसं आहे, पण ते कुणीतरी लिहून सही करायला हवं.

तोवर, तुमच्या ओळखीत असं प्रकरण चालू असेल तर काही गोष्टी जरूर करा. अहवालाचा सारांश मिळावा म्हणून मंडळाकडे लेखी अर्ज द्या, कलम ९९ चा उल्लेख करून. त्यातली एखादी गोष्ट चुकीची वाटली तर आपल्या बाजूचा पुरावा द्यायची संधी मागा, कायद्यात ती आहे. आदेशाची प्रत जपून ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मुलांना तिथे मोफत वकील मिळतो. आणि हे सगळं प्रकरण संपण्याआधी करा, कारण नंतर कागदाचा काळ मोजका असतो.

पणजोबांच्या पिढीचे कागद शोधायचे असतील तर मुंबईच्या आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याच्या फायलींपासून सुरुवात करा. शोधताना आजचा राहाता तालुका धरू नका. पुणतांबा तेव्हा कोपरगाव तालुक्यात होता, आणि इंग्रजी कागदांत गावांच्या नावांची स्पेलिंगं हवी तशी असतात. कुणाचं नाव सापडलं तर घरी सांगण्याआधी क्षणभर थांबा. त्या मुलाला ते सांगायचं होतं की नाही, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

पुढच्या लेखात हाडांवरून वय कसं ठरवतात आणि त्यात किती वर्षांची चूक होऊ शकते, ते पाहू.